दुभत्या गाईचं दूध आधी मोजा

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ६२ माणसांच्या मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. आमचा एक सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीनची जुळणी करून देणारा, कामाला वाघ आहे. बाकीच्यांना एका जॉबच्या सेटिंगला ११० मिनिटं लागतात, हा ७० मिनिटांत पहिला नग काढून देतो. पण शिफ्ट सातची असताना महिन्यातले बारा दिवस तरी पाऊण तास उशिरा येतो. रोज सकाळी दोन मशीनचं सेटिंग बदलायचं असतं, ती तोवर उभी. पहिल्या नगाचा रिपोर्ट भरत नाही, ऑफसेटची, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीची, नोंद करत नाही. "डोक्यात आहे" म्हणतो. शॉपमध्ये मोबाइल बंदी आहे, तो वापरतो. परवा बघितलं तर दोन व्हीएमसी मशीनच्या दाराच्या इंटरलॉकमध्ये (दार उघडलं की मशीन थांबवणारं कुलूप) त्यानं जादाची चावी अडकवलेली. दार उघडं असलं तरी स्पिंडल फिरतो. गेल्या महिन्यात बेअरिंग हाउसिंगचे १४० नग बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाल्यानं स्क्रॅप गेले. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या, सांभाळून घ्या." आता आणखी दोघं उशिरा यायला लागलेत. एकाला मेमो दिला तर सगळ्यांदेखत म्हणाला, "त्याला कधी देणार?" काय करू?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : तुम्ही चार तक्रारी एका दमात लिहिल्यात, पण चारही नियम एका जातीचे नाहीत. एक आजच्या आज पाळला गेला पाहिजे. एक वाकवायचा नाही, पण सोपा करता येतो. एक बदलता येतो. आणि एक मुळातच अर्धा चुकीचा आहे. चांगल्या माणसासाठी नियम वाकवावा का, याचं आमचं उत्तर असं : सवलत द्या, पण नोटीस बोर्डावर अटीसकट लिहून लावता येईल तेवढीच. बोर्डावर लावायची लाज वाटते किंवा भीती वाटते, ती सवलत देऊ नका, मग माणूस कितीही गुणी असो.

इंटरलॉकपासून सुरुवात करू, कारण तिथं चर्चा नाही. हे वाचून होताच शॉपमध्ये जा, दोन्ही चाव्या काढा आणि कुलुपात ठेवा. मग फक्त त्या दोन नाही, सगळ्या मशीनची दारं तपासा. एका मशीनवर ही युक्ती निघाली की शेजारच्या मशीनवर निघतेच. मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये सुट्या चाव्या कुणाच्या ताब्यात असतात, तेही बघा. अपघात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी भोगवटादाराला (कायद्यानं कारखान्याला जबाबदार असलेला, बहुधा मालक) आणि व्यवस्थापकाला विचारतात, सेटरला नाही. लायसन्सवर व्यवस्थापक म्हणून तुमचं नाव असेल, तर मालकांचं तोंडी "सांभाळून घ्या" तिथं दाखवता येणार नाही.

पण नुसती चावी काढलीत तर आठवड्यात दुसरी येईल. त्यानं ती का घातली ते विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं : बर (कापलेल्या धातूचा कीस) साचते, ती मध्येच उडवायची असते, किंवा रफिंगनंतर (पहिल्या जाड कापणीनंतर) माप घ्यायचं असतं आणि दर वेळी सायकल थांबवून पुन्हा सुरू करायला वेळ जातो. यावर उपाय आहेत. रफिंग संपल्यावर प्रोग्रॅममध्ये एम०१ हा थांब्याचा कोड टाका. ऑप्शनल स्टॉपचं बटण चालू असलं की मशीन तिथं आपोआप थांबेल, मग दार उघडून मोजा. ड्रिलिंगला पेक सायकल (ड्रिल थोडं थोडं आत-बाहेर करत भोक पाडणं) दिली की बर तुटून पडते. कूलंटच्या नळ्यांची तोंडं नीट वळवा. दाराची काच घासून घासून पांढरी पडली असेल तर बदला, आतलं दिसत नाही म्हणूनही दार उघडलं जातं. मशीनला सेटिंग मोड असेल तर दार उघडं ठेवून कमी वेगात काम करायची सोय त्यातच असते. किल्ली सेटरकडं द्या, पण प्रॉडक्शन त्या मोडवर चालवायचं नाही. म्हणजे त्याची अडचण सुटते आणि नियम जागेवर राहतो.

आता मालकांच्या गाईकडं येऊ. लाथा गोड मानायच्या की नाही हे नंतर ठरवा, आधी दूध मोजा. मशीन-अवर रेट, म्हणजे मशीनच्या एका तासाची किंमत, तुम्ही दिला नाही, आम्ही ४५० रुपये धरतो. तुमचा आकडा घालून पुन्हा मांडा.

रोज दोन मशीन एकामागून एक सेट होतात. याच्या हातात पहिली ७० व्या मिनिटाला सुरू होते, दुसरी १४० व्या. बाकीच्यांच्या हातात ११० आणि २२० व्या. दोन्ही मशीन मिळून याच्यामुळं रोज १२० मिनिटं, म्हणजे दोन मशीन-तास वाचतात. २६ दिवसांचे ५२ तास, २३,४०० रुपये. तो उशिरा आला की दोन्ही मशीन पाऊण-पाऊण तास उभी राहतात, म्हणजे दिवसाला दीड तास. बारा दिवसांचे १८ तास, ८,१०० रुपये. उरले १५,३००. म्हणजे उशीर धरूनही माणूस फायद्याचा आहे, आणि इथंपर्यंत मालकांचं म्हणणं खोटं नाही.

यात १४० हाउसिंग घाला. कास्टिंग आणि तोवर झालेलं मशीनिंग धरून, भंगाराचे पैसे वजा करून, नगाला ९५ रुपये धरले तर १३,३०० गेले. हातात राहिले २,००० रुपये. शिवाय उरलेला माल निवडत बसलेल्या इन्स्पेक्टरचा वेळ आणि ग्राहकाला लिहावं लागलेलं उत्तर वेगळंच. तोच माणूस वेळेवर आला आणि नोंद ठेवली, तर याच हाताचे २३,४०० पूर्ण मिळतात. मालकांना हा कागद दाखवा. तत्त्वाची भाषा करू नका, "शिस्त बिघडते" असलं काही बोलू नका. ते त्यांनी शंभरदा ऐकलंय.

हिशेब मांडताना दोन ठिकाणी फसायला होतं. मशीनवर काम साचलेलं असेल तरच वाचलेला तास हा पैसा असतो. मशीन दुपारी रिकामीच राहणार असेल तर सकाळी वाचलेल्या चाळीस मिनिटांची किंमत शून्य. आणि ७० विरुद्ध ११० ही तुलना एकाच जॉबवर, त्याच फिक्स्चरवर (नग पकडून ठेवणारी चौकट) झाली पाहिजे. हुशार माणूस सोपे जॉब स्वतःकडं ओढतो, अवघड दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि महिन्याअखेर त्याचे आकडे झळकतात. तीन महिन्यांची जॉब कार्डं काढा, दोघांनीही सेट केलेले जॉब वेगळे करा आणि तेवढ्यांचीच सरासरी बघा. फरक चाळीस मिनिटांचा न निघता पंधराचा निघाला, तर पुढचं बोलणंच बदलेल.

ते १४० नग कसे गेले, हे तुम्ही लिहिलं नाही. पण बोअर मोठा आणि ऑफसेटची नोंद नाही, ही जोडी दिसली की कथा बहुतेक वेळा एकच असते. समजा हाउसिंगमध्ये ६२०३ बेअरिंग बसतंय. त्याचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर, बोअरची मापमर्यादा एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. सकाळी पहिला नग ३९.९९० आला. इन्स्पेक्टरनं ते माप लिहिलं. सेटरनं ऑफसेटमध्ये ०.०२० दिले, बोअर ४०.०१० झाला, माल बरोबर. ही दुरुस्ती मात्र त्याच्या डोक्यात राहिली. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला कागदावर ३९.९९० दिसलं, त्यानंही प्रामाणिकपणे ०.०२० दिले आणि नग न मोजता सायकल सुरू केली. बोअर ४०.०३० वर गेला. लहान बोअर पुन्हा काढता येतो, मोठा झालेला परत येत नाही. यात दुसऱ्या शिफ्टच्या पोराचीही चूक आहे. पण एकच दुरुस्ती दोनदा झाली, कारण पहिली कुठं लिहिलेलीच नव्हती.

म्हणून हा नियम वाकवायचा नाही. तो सोपा मात्र जरूर करा, कारण अनेक कारखान्यांत पहिल्या नगाचा रिपोर्ट एवढा लांबलचक असतो की कुणीही टाळेल. चौदा रकाने असतील तर ज्या मापांवर माल पास-नापास होतो तेवढी चार-पाच ठेवा, बाकीची ड्रॉइंगवर राहू देत. मोजायचं आणि लिहायचं काम इन्स्पेक्टरचं, सेटरची फक्त सही आणि वेळ. ऑफसेटसाठी मशीनच्या पॅनेललाच एक कार्ड अडकवा : तारीख, टूल नंबर, आधीचं माप, किती दिलं, नंतरचं माप, सही. एका दुरुस्तीला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. आणि सही झाल्याशिवाय पहिल्या नगावरचा होल्ड टॅग (माल थांबवल्याची चिठ्ठी) निघणार नाही, हे सगळ्या सेटरना सारखं. ग्राहकाचा ऑडिटर आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची यादी घेऊन आला की पहिल्यांदा हेच मागतो. तेव्हा "आमचा सेटर फार हुशार आहे" हे उत्तर चालत नाही.

उशिराचा विषय वेगळा. इथं तुमच्या सेटरशी बसून कारण विचारल्याशिवाय काही ठरवू नका. करवीर, कागल, राधानगरीकडून येणाऱ्या माणसाच्या घरी ऊस असतो, गोठ्यात दोन म्हशी असतात. शेतीपंपाला विजेची रात्रीची पाळी असली की पहाटेपर्यंत पाणी पाजायचं, मग दूध डेअरीला घालायचं, आणि सातला कार्ड पंच करायचं, हे जमत नाही. आठवड्याआड पाळी बदलते, म्हणूनच उशीर रोज न होता "महिन्यातले बारा दिवस" होतो. तुमच्या माणसाचं कारण हेच असेल असं नाही. पण पंचिंगचा तक्ता काढा आणि उशिराचे दिवस एकगठ्ठा आहेत की विखुरलेले, ते बघा. एकगठ्ठा असतील तर मागे काहीतरी ठरलेलं कारण आहे आणि त्यावर वेळ बदलून उपाय होतो. विखुरलेले असतील, विशेषतः पगाराच्या आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, तर तो आळस समजा.

वेळ बदलायची तर माणसाची बदलू नका, पदाची बदला. सेटर हा ऑपरेटरसारखा मशीनला बांधलेला नसतो. त्याची ड्यूटी साडेदहा ते सात ठेवली तर तो दोन्ही शिफ्टना भेटतो, आणि साडेतीनच्या शिफ्टबदलाला, जिथं सगळ्यात जास्त घोळ होतो, तो हजर असतो. त्यासाठी प्लॅनिंग बदलावं लागेल : सकाळी सातला मशीन आदल्या संध्याकाळी सेट केलेल्या जॉबवर सुरू झाली पाहिजे. म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहिले जॉब आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत पक्के, त्यांची कास्टिंग मशीनजवळ आलेली, टूल मोजून ठेवलेली. डिस्पॅचवाल्यांना रात्री नऊला प्राधान्यक्रम बदलायची सवय असेल तर ही योजना पहिल्या आठवड्यातच कोसळेल. आधी त्यांना आवरा.

मग बोर्डावर असा मजकूर लावा : "सेटर पदासाठी सकाळी ७ किंवा १०.३० अशा दोन वेळा आहेत. मागील तीन महिन्यांत पहिल्या नगाचे सर्व रिपोर्ट सहीसह पूर्ण आणि सुरक्षा नियमाचा एकही भंग नाही, अशा कोणत्याही सेटरला १०.३० ची वेळ मागता येईल. अर्ज लेखी. दर तीन महिन्यांनी फेरविचार. ठरलेल्या वेळेनंतर आल्यास उशिराचा नियम सर्वांप्रमाणे." तुमचा सेटर आज या अटीत बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला तीन महिने सातला यावं लागेल किंवा उशिराची कपात सोसावी लागेल. ही अट त्याच्यासाठी कमी करण्याचा मोह होईल, तो टाळा. कामाच्या वेळांचा जो तक्ता कारखान्यात लावलेला असतो, त्यातही नवी वेळ घाला.

"उशिरा येतो पण उशिरापर्यंत थांबतो की" असं मालक म्हणतील. कायद्यानं ठरवलेल्या दिवसाच्या किंवा आठवड्याच्या तासांच्या वर काम गेलं की ते ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट. तोंडी देवाणघेवाणीत हे मोजलं जात नाही आणि भांडण झालं की सगळं एकदम बाहेर येतं. आणि कुणी गेटवर त्याचं कार्ड सातला पंच करत असेल तर ते आज बंद करा. कागदावर तो सातला कामावर आणि प्रत्यक्षात सव्वासातला रस्त्यावर अपघातात सापडला, तर खोटी हजेरी कुणी लावली हाच पहिला प्रश्न निघेल.

परिस्थितीशी बांधलेली सवलत कशी असते, याचा नमुना कोल्हापुरात दर पावसाळ्यात मिळतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. "पाणी ३९ फुटांवर गेलं की नदीकाठच्या गावांतून येणाऱ्यांना दोन तास उशीर माफ, ४३ वर गेलं की हजेरीची सक्ती नाही" असं लिहून ठेवलंत तर कुणी कुणाचं तोंड बघत नाही. आकडा सगळ्यांना दिसतो, सेटर असो वा झाडू मारणारा.

मोबाइलबद्दल आमचं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित. सरसकट बंदीचा नियम टिकत नाही, कारण सेटर मोबाइलवर त्रिकोणमिती करतो, फिक्स्चरचे फोटो ठेवतो, टूल कंपनीच्या माणसाला इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या पात्याचा) नंबर विचारतो. चालू मशीनसमोर मोबाइल नाही आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो नाही, एवढंच ठेवा. सेटिंग टेबलावर सगळ्यांना मुभा द्या. मोडलाच जाणारा नियम एकासाठी डोळेझाक करून चालवण्यापेक्षा सगळ्यांसाठी काढून टाकलेला बरा.

आता त्या "त्याला कधी देणार?" या प्रश्नाकडं. तो पोरगा उद्धट असेल, पण प्रश्न रास्त आहे, आणि उद्या चौकशीत त्याचा प्रतिनिधी हाच प्रश्न हजेरीपत्रक पुढं ठेवून विचारेल. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीत, गुणवत्तेचा विचार न करता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हणून दिली आहे. नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. यातले "गुणवत्तेचा विचार न करता" हे शब्द नीट वाचा. गुणवत्ता बघून जास्त पैसे, वरची ग्रेड, चांगली मशीन देण्याला कायद्याची आडकाठी नाही. गुणवत्ता मोजलेली आणि लिहिलेली हवी, इतकंच.

एवढे दिवस खपवून घेतल्यावर उद्या अचानक त्याला मेमो देऊ नका, "वर्षभर चाललं, आजच काय झालं?" याला उत्तर नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेची नोटीस काढा : या तारखेपासून वेळेचा नियम सर्वांना सारखा लागू होईल, आधीच्या उशिरावर कारवाई होणार नाही. ज्या ऑपरेटरला मेमो दिलात तो मागे घ्या. अपमान वाटेल, पण त्याशिवाय नव्या नोटिशीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यानंतर पहिल्या उशिराला तोंडी समज, मग लेखी, मग पुढची पायरी. आणि पहिला उशीर सेटरचाच झाला तर समज त्यालाच पहिली.

त्याच्याशी बोलायचं ते केबिनमध्ये, एकट्याशी, शिफ्ट सुटल्यावर. आधी हिशेबाचा कागद ठेवा. त्याच्यामुळं महिन्याला ५२ मशीन-तास वाचतात हे त्याला कुणी कधी आकड्यात सांगितलं नसेल. मग १८ तासांचा आकडा, मग १४० नग. मग काय मिळू शकतं ते : सेटिंग वेळेवर प्रोत्साहन भत्ता. तो भत्ता पास नगांवर मोजा, नुसत्या वेळेवर नको, नाहीतर घाई वाढेल. आणि अट ठेवा, की महिन्यात एकदाही इंटरलॉकशी खेळ झाला तर त्या महिन्याचा भत्ता शून्य. भत्ता सगळ्या सेटरना खुला. हाच जास्त मिळवेल, मिळवू दे.

त्याआधी मालकांकडून एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण हा तुमच्या केबिनमधून निघून थेट त्यांच्याकडं जाणार. मालकांनी तेव्हा एवढंच म्हणायचं : "मॅनेजरसाहेबांशी ठरवा, त्यांनी ठरवलं ते माझंही." हे वाक्य ते म्हणणार नसतील तर नोटीसच काढू नका. काढलेली नोटीस वरून मोडली गेली, तर आजच्यापेक्षा वाईट होईल.

राहिली त्याच्या जाण्याची भीती. शिरोलीपासून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत चांगल्या सेटरला जागा कुठंही आहे, हे त्यालाही ठाऊक आहे आणि तुमच्या मालकांनाही. खरं तर सगळे लाड त्या भीतीतूनच सुरू झालेत. म्हणून नोटिशीच्या आधी काम सुरू करा ते त्याच्या डोक्यातलं कागदावर आणण्याचं. त्याच्याशी सूडबुद्धीनं नको. भत्त्याच्या अटीत "सेटिंग शीट पूर्ण" हे एक कलम घाला. शीटवर फिक्स्चरचा फोटो, झीरो (मापाचा आरंभबिंदू) कुठून घेतला, टूल यादी आणि प्रत्येकाची बाहेर निघालेली लांबी, इन्सर्टचा ग्रेड, क्लॅम्प आवळायचा क्रम आणि प्रोग्रॅमचा नंबर. प्रोग्रॅमची प्रत मशीनच्या मेमरीबाहेर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर.

कोणत्या जॉबपासून? जो फक्त त्यालाच जमतो आणि ज्याचा माल दर महिन्याला जातो, त्यापासून. सहा आठवड्यांत असे तीन जॉब दुसऱ्या सेटरच्या हाताखालून घाला. त्याला पहिल्यांदा १३० मिनिटं लागली तर घड्याळ दाखवू नका. आणि हे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात करा. शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना तुम्ही स्वतःच त्याला बाजूला करून जुन्या सेटरला हाक माराल.